लॅह्तेॲ : फिनिश माणूस निघतो तेव्हा

हेलसिंकीच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकात गाड्यांच्या वेळा दाखवणाऱ्या फलकावर 'लॅह्तेवॅत युनात' असे दोन शब्द असतात. युना म्हणजे आगगाडी आणि लॅह्तेवॅत म्हणजे निघणाऱ्या. हेलसिंकी शहर द्वैभाषिक असल्यामुळे शेजारीच स्वीडिश शब्दही असतात. एलिएल सारिनेन या वास्तुकाराने आखलेलं हे स्थानक 1919 साली सुरू झालं. फिनलंडमधली पहिली आगगाडी मात्र त्याच्या कितीतरी आधी, 1862 साली, हेलसिंकीहून हॅमेनलिन्नाला धावली होती. फिनिश शिकणाऱ्या नवशिक्या माणसाच्या कानावर पहिल्या आठवड्यातच पडणारं एक क्रियापद स्थानकातल्या त्या फलकावर आहे. त्याचं मूळ रूप लॅह्तेॲ.

इंग्रजीतून लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात या शब्दापुढे 'सोडून जाणे' अशा अर्थाचा शब्द छापलेला असतो. मराठी माणूस तो पाठ करतो आणि दोन दिवसांत गोंधळतो. कारण फिनिश माणूस मित्राला विचारतो, 'लॅह्देत्को मुकान?' म्हणजे 'येतोस का बरोबर?' शर्टावरचा डाग जात नसेल तरी हेच क्रियापद, गाडी चालू होत नसेल तरी हेच. 'सोडून जाणे' हा अर्थ यातल्या एकाही वाक्यात नीट बसत नाही. मराठीतलं 'निघणे' मात्र यातल्या बहुतेक ठिकाणी सहज बसतं. माणूस घरून निघतो, डाग निघत नाही, बटण निघून येतं, मोहीम निघते. फिनिश शिकणाऱ्या मराठी माणसाला इंग्रजीच्या मधल्या दारातून जायची खरं तर गरजच नाही, हे या एका क्रियापदावरून चांगलं दिसतं.

आधी उच्चार. पहिल्या अक्षरातला स्वर 'बॅट'मधला आहे, आणि मधला 'ह' गिळायचा नाही, तो ऐकू आला पाहिजे. स्वर चुकला तर अर्थही बदलतो. 'लॅह्देन' म्हणजे 'मी निघतो', आणि 'लाह्देन' म्हणजे 'खाडीचा' किंवा लाह्ती या शहराचा. लाह्ती हेलसिंकीच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर आहे. बर्फावरच्या स्कीइंग स्पर्धांसाठी ते जगभर ओळखलं जातं आणि तिथे 1923 पासून या स्पर्धा भरतात. 'लॅह्देन लाह्तेन', म्हणजे 'मी लाह्तीला निघालोय', हे वाक्य तिथे अगदी रोजचं आहे. मराठी जिभेला ते जमतं, कारण इंग्रजी शब्दांमुळे 'ॲ' हा स्वर आपल्या तोंडात आधीच रुळलेला आहे.

मूळ शब्दात 'त' असताना 'लॅह्देन'मध्ये 'द' कुठून आला? फिनिशमध्ये प्रत्यय लागला की शब्दाच्या मधल्या व्यंजनाचा जोर कमी-जास्त होतो. मी निघतो, 'लॅह्देन'. तू निघतोस, 'लॅह्देत'. तो निघतो, 'लॅह्तेए'. आपण निघतो, 'लॅह्देम्मे'. तुम्ही निघता, 'लॅह्देत्ते'. ते निघतात, 'लॅह्तेवॅत'. तृतीय पुरुषात 'त' टिकतो, बाकी ठिकाणी 'द' होतो. तृतीय पुरुषाची आणखी एक गंमत आहे. तिथे 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम आहे, 'हॅन'. त्यामुळे 'हॅन लॅह्तेए' ऐकून कोण निघालं, पुरुष की बाई, ते कळत नाही. मराठी माणूस 'निघतो' किंवा 'निघते' म्हणताक्षणी लिंग सांगून टाकतो. फिनिशला ते सांगायची गरज वाटत नाही. भविष्यकाळाचं वेगळं रूपही तिथे नाही. 'लॅह्देन हुओमेन्ना' म्हणजे 'मी उद्या निघतो', आणि तेवढ्यावर सगळं भागतं. मराठीतही उद्याच्या गाडीबद्दल बोलताना 'निघेन'पेक्षा 'निघतो'च तोंडात येतं.

आता एक पूर्ण वाक्य बारकाईने पाहण्यासारखं आहे. 'लॅह्देन कोतोआ तोइहिन काह्देक्साल्ता.' मी आठला घरून कामाला निघतो. शब्द चारच, पण त्यात कुठून, कुठे आणि केव्हा हे तिन्ही आलं, आणि त्यासाठी एकही सुटा जोडशब्द लागला नाही. 'कोतोआ' म्हणजे घरून. घराला 'कोती' म्हणतात आणि नेहमीच्या नियमाने त्याचं रूप वेगळं व्हायला हवं होतं, पण रोजच्या वापराने घराची रूपं जुनी, खास राहिली आहेत. मराठीतही 'घरातून' आणि 'घरून' यांत फरक आहे. 'घरून निघालो' म्हणताना आपण खोल्या-भिंतींबद्दल बोलत नसतो. 'कोतोआ'चं नेमकं तेच आहे. 'तोइहिन' म्हणजे कामाला, आणि मूळ शब्द अनेकवचनी, 'कामांमध्ये'. 'काह्देक्साल्ता' म्हणजे आठ वाजता, पण त्यातला '-ल्ता' हा प्रत्यय एरवी 'वरून' किंवा 'जवळून' या अर्थाचा आहे. फिनिश माणूस घड्याळातली वेळ जणू त्या आकड्यावरून सुटताना सांगतो.

फिनिशमध्ये पंधरा विभक्ती आहेत हे ऐकून लोक घाबरतात. शाळेत प्रथमा ते संबोधन अशा आठ विभक्ती पाठ केलेल्या मराठी माणसाने एवढं घाबरायचं कारण नाही. लॅह्तेॲबरोबर त्यातल्या चार पाच तरी रोज लागतात, आणि त्यांचे अर्थ आपल्या '-तून', '-वरून', '-ला', '-त' या प्रत्ययांच्या जवळ आहेत. बंदिस्त जागेतून निघायचं असेल तर '-स्ता' किंवा '-स्तॅ' : 'हेल्सिंगिस्तॅ' म्हणजे हेलसिंकीतून, 'लाह्देस्ता' म्हणजे लाह्तीहून. उघड्या जागेवरून किंवा पृष्ठभागावरून निघायचं असेल तर '-ल्ता' : 'आसेमाल्ता' म्हणजे स्टेशनवरून, 'राइतेएल्ता वीसी' म्हणजे पाच नंबरच्या फलाटावरून. प्रत्ययातला स्वर 'आ' की 'ॲ' हे मूळ शब्दातल्या स्वरांवर ठरतं. शब्दात 'आ', 'ओ', 'उ' असतील तर प्रत्ययातही 'आ'. फिनिश माणसाला हे कधी आठवावं लागत नाही, कारण दुसरं रूप त्याच्या कानाला बेसूर वाटतं.

निघणं आणि जाणं यांतला भेदही इथे स्पष्ट आहे. 'मेनेन काउप्पान' म्हणजे मी दुकानात जातो, इथे लक्ष दुकानावर. 'लॅह्देन काउप्पान' म्हणजे मी दुकानात निघालो, इथे लक्ष उंबरठा ओलांडण्यावर. आणि तिसरं एक क्रियापद आहे, कॅयुदॅ. 'कॅयुन काउपास्सा' म्हणजे मी दुकानात जाऊन येतो. जाणं आणि परत येणं एकाच क्रियापदात आलं. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे क्रियापद समजावताना शिक्षकांना बरीच खटपट करावी लागते. मराठी माणसाला 'जाऊन येतो' एवढं सांगितलं की पुरतं.

उलट दिशेचं क्रियापद म्हणजे यॅदॅ, राहणे, मागे थांबणे. निघणारा 'लॅह्देन' म्हणतो आणि थांबणारा 'यॅन'. पण 'मी घरीच राहतो' हे सांगताना फिनिश माणूस 'यॅन कोतीन' म्हणतो, आणि 'कोतीन' हे 'घराकडे' या अर्थाचं रूप आहे. म्हणजे राहण्यालाही ते दिशा देतात. इथे मराठीचा आधार कामाचा नाही, हे सरळ पाठ करावं लागतं.

लॅह्तेॲच्या पुढे एखाद्या कामाचं नाव आलं की त्या क्रियापदाला '-मान' किंवा '-मॅन' लागतं. 'लॅह्देन उइमान', पोहायला निघालो. 'लॅह्देन हीह्तॅमॅन', स्कीवरून फिरायला निघालो. हे आपल्या 'पोहायला', 'फिरायला'सारखंच. पण खरा फिनलंड दिसतो तो क्रियापदाशिवाय नुसत्या नामावर भागणाऱ्या वाक्यांत. 'लॅह्देन कालान' म्हणजे मासे धरायला निघालो, आणि काला म्हणजे नुसता मासा. 'लॅह्देन मार्यान' म्हणजे रानफळं वेचायला निघालो, मार्या म्हणजे ते छोटं फळ. 'लॅह्देन सिएनेन' म्हणजे रानातली अळंबी गोळा करायला निघालो. धरायला, वेचायला, गोळा करायला, हे काहीच बोलायचं नाही. मराठी खेड्यात बायका 'पाण्याला' आणि 'सरपणाला' जातात तेव्हा भरायला किंवा तोडायला असं कोणी म्हणत नाही. जिथे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं तिथे वस्तूचं नाव घेतलं की काम कळतं.

मार्यानला निघण्यामागे एक हक्कही आहे. फिनलंडमध्ये जंगल कोणाच्याही मालकीचं असलं तरी त्यातून पायी फिरायला आणि रानफळं, अळंबी गोळा करायला कोणालाही मोकळीक असते. मालकाची परवानगी लागत नाही. फक्त घराच्या अंगणात शिरायचं नाही, शेताची किंवा झाडांची नासाडी करायची नाही. जुलै-ऑगस्टमध्ये निळी मुस्तिक्का पिकते, तिच्यामागून लाल पुओलुक्का. त्या दिवसांत 'लॅह्देतॅन मुस्तिक्कान', म्हणजे 'चला, मुस्तिक्कांना जाऊ', हे घराघरांत ऐकू येतं. शहरात वाढलेली मुलंही बादली घेऊन आजी-आजोबांबरोबर रानात जातात.

'लॅह्देतॅन' हे रूप लक्षात ठेवायला हवं. व्याकरणात ते कर्मणी रूप आहे, 'निघालं जातं' अशा वळणाचं, पण बोलण्यात त्याचा अर्थ 'चला, निघूया'. प्रश्न करायचा असेल तर 'लॅह्देतॅनको?' निघायचं का? कंटाळलेलं मूल विचारतं, 'योको लॅह्देतॅन?' निघायचं का एकदाचं? आणि पाहुणा बराच वेळ बसल्यावर बायकोकडे पाहून म्हणतो, 'एइकोहॅन लॅह्देतॅ.' यात 'नाही', प्रश्न आणि मऊ सूचना एकत्र आहेत. मराठीत त्याला सर्वांत जवळचं म्हणजे 'निघूया ना आता'. शुक्रवारी दुपारी कचेऱ्यांमध्ये 'लॅह्देतॅन मोक्किल्ले' ऐकू येतं. मोक्की म्हणजे तळ्याकाठची लाकडी उन्हाळी झोपडी. सुमारे पंचावन्न लाख वस्तीच्या या देशात अशा पाच लाखांवर झोपड्या आहेत. जूनच्या उत्तरार्धात येणाऱ्या युहान्नुसच्या सणाला हेलसिंकी जवळजवळ रिकामं होतं, कारण सगळे तिकडे निघालेले असतात.

निरोप घेण्याच्या रीतीत मात्र दोन्ही भाषा वेगळ्या वाटेने जातात. मराठी घरात 'जातो' म्हणणं अशुभ, निघताना 'येतो' म्हणायचं. फिनिश माणसाला 'मॅ लॅहेन न्युत', म्हणजे 'मी निघतो आता', हे म्हणताना कसलाच संकोच वाटत नाही आणि कोणाला त्यात तुटकपणाही दिसत नाही. पण एक बारीक साम्य आहे. दारात बूट चढवत असतानाच तो 'नो, मॅ लॅहिन' म्हणतो, म्हणजे 'निघालो मी'. अजून पाऊल बाहेर पडलेलं नसतं आणि क्रियापद भूतकाळी झालेलं असतं. मराठी माणूस 'निघालोच!' म्हणतो तेव्हा तोही बहुधा अजून पायात चप्पलच शोधत असतो.

इथे 'लॅहेन' आणि 'लॅहिन'मधला 'द' गळला आहे. पुस्तकी 'लॅह्देन' बोलताना 'लॅहेन' होतं आणि 'लॅह्देतॅन'चं 'लॅहेतॅन'. भाषावर्गात शिकलेलं रूप रस्त्यावर ऐकू येत नाही, ही नवागतांची नेहमीची तक्रार असते. ती अगदी खरी आहे, आणि पहिल्या महिन्यातच दोन्ही रूपं शेजारी शेजारी लिहून घेणं हाच त्यावरचा इलाज. हेच 'लॅहेन' फिनलंडच्या आखातापलीकडे, साधारण ऐंशी किलोमीटरवर, एस्टोनियात ऐकू येतं. जहाजाने दोन तासांत तालिनला पोचता येतं. एस्टोनियन भाषेत 'मा लॅहेन' म्हणजे नुसतं 'मी जातो'. तिथे 'जाणे'चं मूळ रूप वेगळं, पण वर्तमानकाळी रूपं याच धातूची वापरात आली. एकाच जुन्या शब्दाचा अर्थ एका काठावर निघण्यापुरता राहिला आणि दुसऱ्या काठावर जाण्यापर्यंत पसरला.

त्या जुन्या शब्दाचा माग भाषेतच राहिला आहे. 1835 साली एलिआस लोन्रोत यांनी संकलित केलेल्या आणि 1849 मध्ये वाढवलेल्या 'कालेवाला' या महाकाव्यात 'तो निघाला' या अर्थी 'लॅक्सि' असं रूप येतं. आजचं रूप 'लॅह्ति'. 'ह्त'च्या जागी 'क्स' कसा? मूळ धातूत 'क्त' होतं. बहुतेक ठिकाणी 'क्त'चा 'ह्त' झाला. पण 'इ' स्वरापूर्वी 'त'चा 'स' झाला आणि 'क' वाचला. फिनिश आकड्यांत हा बदल आजही जिवंत आहे. दोन म्हणजे 'काक्सी', पण दोनाचा म्हणजे 'काह्देन'. आणि जुनं 'लॅक्सि' एका रोजच्या शब्दात टिकलं आहे, 'लॅक्सिॲइसेत', निरोप समारंभ. कचेरीतला सहकारी नोकरी सोडतो तेव्हा कॉफी आणि केक मांडून लॅक्सिॲइसेत होतात.

जानेवारीत उत्तरेकडच्या औलूसारख्या शहरात तापमान उणे 25 पर्यंत उतरतं, तेव्हा सकाळी किल्ली फिरवली की इंजिन दोनदा घुरघुरतं आणि गप्प बसतं. 'आउतो एइ लॅह्दे कॅयुन्तीन.' गाडी चालू होत नाही. म्हणून तिथल्या बऱ्याच वाहनतळांवर प्रत्येक जागेसमोर विजेच्या प्लगचा एक खांब असतो. रात्री गाडीतून वायर काढून त्याला जोडायची आणि टायमर लावायचा, म्हणजे निघायच्या आधी तासा दोन तासांत इंजिन गरम होऊन राहतं. नव्याने आलेल्या परदेशी माणसाला त्या खांबांचं काम शेजाऱ्याकडून कळतं, आणि वाक्यही बहुधा तेव्हाच पाठ होतं.

या वाक्यातला 'एइ' म्हणजे नाही. फिनिशमध्ये नकार हेच एक क्रियापद आहे आणि ते पुरुषाप्रमाणे चालतं : 'एन लॅह्दे', मी निघत नाही, 'एत लॅह्दे', तू निघत नाहीस, 'एइवॅत लॅह्दे', ते निघत नाहीत. 'नाही, नाहीस, नाहीत' चालवणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. मुख्य शब्द 'लॅह्दे' मात्र जागचा हलत नाही. हाच 'लॅह्दे' एकटा आला की 'नीघ!' अशी आज्ञा होते. आणि नाम म्हणून आला की झरा. जमिनीतून जे पाणी निघतं ते लॅह्दे. त्यावरून माहितीचा स्रोतही लॅह्दे, आणि उत्पन्न मिळतं तिथेच कापला जाणारा कर म्हणजे 'लॅह्देवेरो', आपल्या टीडीएससारखा.

शब्दाची पिलावळ एवढ्यावर थांबत नाही. धातूला प्रयोजक वळण दिलं की 'लॅहेत्तॅ', निघायला लावणं, म्हणजे पाठवणं. त्यावरून दिल्लीतला फिनिश दूतावास 'सूरलॅहेतुस्तो', डॉक्टरांनी तज्ज्ञाकडे पाठवताना दिलेली चिठ्ठी 'लॅहेते', आणि बुद्धिबळातला उंट 'लॅहेत्ती', म्हणजे निरोप्या. धावण्याच्या शर्यतीत इशाऱ्याआधी कोणी पळालं तर त्याला 'वारासलॅह्तो' म्हणतात, चोरून केलेली सुरुवात. नोकरीवरून काढलेल्या माणसाला 'लॅह्तोपास्सित' मिळतात, निघण्याचा परवाना. 'तॅस्तॅ लॅह्तिएन' म्हणजे 'यापुढे, इथपासून', 'मानान्ताइस्ता लॅह्तिएन' म्हणजे 'सोमवारपासून'. 'ओलेन लॅह्तोइसिन इन्तिआस्ता', मी मूळचा भारतातला, हे वाक्य तिथे राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला कधी ना कधी बोलावं लागतं.

निघण्याचे निर्जीव वापरही असेच पसरलेले. 'ताह्रा एइ लॅह्दे', डाग निघत नाही. 'नाप्पी लॅह्ति', बटण निघालं. दात पडला, केस गळले, आवाज बसला, या तिन्हीसाठी मराठीत वेगवेगळी क्रियापदं, तिथे एकच. जो डाग कधी निघत नाही तो 'लॅह्तेमॅतोन', आणि मनावर कायमचा उमटलेला ठसाही 'लॅह्तेमॅतोन'च. जुनी सायकल विकणारा सांगतो, 'लॅह्तेए कुम्पिल्लॅ', दहा युरोंना जाईल. आणि एखादी गोष्ट हाताबाहेर गेली तर ती 'लापासेस्ता' निघाली म्हणतात. लापानेन म्हणजे हिवाळ्यातला लोकरी पंजा, चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा असा. तो घालून कशावरही नीट पकड बसत नाही, म्हणून वस्तू निसटते. ज्या देशात वर्षातले पाच महिने हातात असे पंजे असतात तिथेच हा वाक्प्रचार सुचू शकतो.

अलीकडे मात्र या क्रियापदाचा अतिरेकही होतो. बैठकीत 'विचार करू' म्हणायचं सोडून 'विचार करायला निघू', 'बांधू'ऐवजी 'बांधायला निघू' असं सर्रास बोललं जातं, आणि भाषेची चाड असणाऱ्या फिनिश लोकांना ते खटकतं. त्यांचं बरोबर आहे. जिथे प्रत्यक्ष पाऊल उचललं जातं तिथे लॅह्तेॲला जी धार आहे ती कचेरीतल्या अशा वाक्यांत बोथट होते.

हेलसिंकी आणि एस्पो इथे संगणक आणि अभियांत्रिकीच्या नोकऱ्यांमुळे मराठी कुटुंबं स्थायिक झाली आहेत, आणि नागरिकत्व हवं असेल तर फिनिश किंवा स्वीडिशची मध्यम पातळीची परीक्षा द्यावी लागते. त्या तयारीला बसणाऱ्यांनी वहीत लॅह्तेॲपुढे इंग्रजी शब्द न लिहिता 'निघणे' लिहावं, त्याखाली घरून, स्टेशनवरून, कामाला, पोहायला ही चार रूपं फिनिशमध्ये लिहावीत, आणि रोज सकाळी दाराबाहेर पडताना 'लॅह्देन कोतोआ तोइहिन' मोठ्याने म्हणावं. मग कुठला प्रत्यय कुठे लावायचा हे कोष्टक पाठ न करताही अंगवळणी पडू लागतं.